‘कुला’ म्हणजे वाघ : कोरकू-मराठी चित्रपुस्तकांचा प्रश्न कुठवर आला?

मेळघाटातल्या एखाद्या अंगणवाडीत वाघाचं चित्र वर धरलं की समोरची लेकरं एका दमात सांगतात, ‘कुला!’ कोरकूत वाघाला कुला म्हणतात. पण हाच शब्द मैदानी मुलखातून नुकत्याच रुजू झालेल्या बाईंच्या कानावर पडला, तर त्यांना हसू आवरत नाही. मराठीत याच उच्चाराचा शब्द ढुंगणासाठी आहे. त्या हसण्यात दुष्टावा नसतो. चार वर्षांच्या मुलाला मात्र एवढंच कळतं, की आपण उत्तर दिलं आणि मोठी माणसं हसली. पुढच्या चित्राला ते गप्प राहतं. महिन्याभरात ‘या मुलांना काही येत नाही’ असा शेरा तयार होतो.

तेच चित्र पुस्तकात असेल, खाली एका ओळीत ‘कुला’ आणि दुसऱ्या ओळीत तेवढ्याच ठसठशीत अक्षरात ‘वाघ’ छापलेलं असेल, तर बाईंना तो शब्द वर्गात येण्याआधीच ठाऊक झालेला असतो. मुलाचा शब्द छापून आलेला असतो, आणि छापील शब्दाला कोणी सहसा हसत नाही. द्विभाषिक चित्रपुस्तकाचं काम मुळात एवढंच आहे. या साध्या कामाभोवती भाषाशास्त्र, शिक्षणशास्त्र, आदिवासी हक्क आणि सरकारी धोरण असे चार प्रवाह येऊन मिळाले आहेत, आणि त्यातून बरेच प्रश्न उभे राहिले आहेत. ते प्रश्न आज कुठे आहेत, हे या लेखात क्रमाने पाहू.

भाषा आणि मुलूख

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. संथाळी, मुंडारी, हो या तिच्या सख्ख्या बहिणी झारखंड-ओडिशाकडे राहतात. ही एकटी पार पश्चिमेला, सातपुड्यात. मुंडा भाषांपैकी सर्वांत पश्चिमेची हीच. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणून कोरकू म्हणजे ‘माणसं’. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणाऱ्यांची संख्या सुमारे ७ लाख २७ हजार नोंदली गेली. त्यातले बहुतेक मध्य प्रदेशात, बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर, होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम) या पट्ट्यात. महाराष्ट्रात मुख्य वस्ती अमरावती जिल्ह्याच्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, म्हणजे मेळघाटात, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी अकोला-बुलढाण्याच्या उत्तर कडेला.

या भाषेची नोंद घेणारे लोक आपल्याकडे पूर्वीही होऊन गेले. एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोरकूंसाठी मिशन सुरू झालं आणि त्यातल्या जॉन ड्रेक यांनी १९०३ मध्ये कोरकूचं व्याकरण प्रसिद्ध केलं. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या मुंडा-द्राविडी खंडात (१९०६) कोरकू आहे. पुढे नॉर्मन झाइड या अमेरिकी अभ्यासकाने तिच्यावर दीर्घकाळ काम केलं, आणि के. एस. नागराज यांचं व्याकरण, उतारे आणि शब्दसंग्रह असलेलं पुस्तक १९९९ मध्ये टोकियोहून निघालं. मराठीतून पाहायचं तर गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड, अरुण जाखडे यांनी संपादित केलेला, २०१३ चा. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं कोरकूबद्दल लिहिलं गेलं आहे, पण ते मोठ्यांसाठी आणि बहुतेक इंग्रजीत. कोरकू मुलाने हातात धरावं असं पुस्तक ही अगदी अलीकडची गोष्ट.

मेळघाटात एकटी कोरकू नाही. गवळी, गोंड, निहाल, बलाई अशा समाजांची गावं शेजारी शेजारी आहेत. धारणीच्या बाजारात व्यवहार चालतो तो हिंदीत, तीही बुऱ्हाणपूर-खंडव्याकडच्या वळणाची. शाळेत पाटीवर येते प्रमाण मराठी. आणि शिकवणारे गुरुजी अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर किंवा अकोटचे असले, तर त्यांच्या तोंडची मराठी वऱ्हाडी. कोरकू मूल पहिलीत बसतं तेव्हा चार तऱ्हा त्याच्या कानावर आदळत असतात, आणि त्यातली त्याची स्वतःची तेवढी भिंतीवरच्या तक्त्यात नसते.

धोरणाची वाट

कागदावर या मुलाची बाजू भक्कम आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेलं ३५०-अ कलम भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला राज्यांना सांगतं. शिक्षणहक्क कायदा (२००९) शिक्षणाचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावी म्हणतो. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं, तेही जिथे शक्य असेल तिथे. पायाभूत टप्प्याचा २०२२ चा आराखडा त्याच वाटेने जातो. ‘शक्य तिथवर’ या दोन शब्दांत सगळी गाडी अडते. कोरकूत पुस्तक नसेल, कोरकू जाणणारा शिक्षक नसेल, तर ते ‘शक्य’ नाही असं म्हणायला कोणाची हरकत नसते. चित्रपुस्तकांचं खरं राजकीय वजन मला इथे दिसतं. पुस्तक छापून समोर आलं की ‘शक्य नाही’ ही सबब एका पायरीने मागे सरते.

इतर राज्यांनी ही पायरी आधी चढली. आंध्र प्रदेशाने २००४ च्या सुमारास आठ आदिवासी भाषांत बहुभाषिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला; त्यात गोंडी होती आणि आपल्या यवतमाळशी नातं असलेली कोलामीही. ओडिशाने २००६-०७ पासून दहा भाषांत हे काम हाती घेतलं. केंद्राकडून २०२४ मध्ये ५२ भारतीय भाषांतल्या प्रवेशिका एकदम प्रसिद्ध झाल्या. महाराष्ट्रात बालशिक्षणाची परंपरा याहून जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि १९५७ पासून कोसबाडला वारली मुलांमध्ये केलेलं काम जगाने पाहिलं. कुरणशाळा, अंगणवाडी या कल्पना तिथल्या. ताराबाई ऐन तारुण्यात काही वर्षं अमरावतीत राहिल्या होत्या, हे इथल्या वाचकाला मुद्दाम सांगावंसं वाटतं. पण तिथेही भर पडला तो मुलाच्या परिसरावर, खेळावर, हातच्या साधनांवर. मुलाच्या भाषेतलं छापील पुस्तक हा त्या काळाचा मुद्दा नव्हता.

२०२५ मध्ये राज्यात पहिलीपासून तिसरी भाषा असावी का, यावरून मोठं वादळ झालं. एप्रिल आणि जूनमधले शासननिर्णय २९ जूनला मागे घेतले गेले. लहान मुलावर किती भाषांचं ओझं टाकायचं, हा त्या वादाचा गाभा होता. मेळघाटातल्या मुलाच्या बाजूने पाहिलं तर त्याच्यासाठी मराठी हीच तिसरी भाषा आहे. हा मुद्दा त्या चर्चेत आणखी ठळकपणे यायला हवा होता.

पुस्तकं आली कुठून

आज कोरकूत लहान मुलांसाठी जे वाचायला मिळतं, त्याचे स्रोत ढोबळमानाने तीन. एक, सरकारी साहित्य : प्रवेशिका, शब्दसूची, शिक्षकांसाठी संवादपुस्तिका. यात चित्र असतं ते शब्दाच्या सोयीसाठी, गोष्ट क्वचित. दोन, मेळघाटात आरोग्य, शिक्षण, वनहक्क यांवर काम करणाऱ्या संस्थांनी आणि हौशी शिक्षकांनी आपापल्या गरजेतून केलेल्या पुस्तिका, पुष्कळदा झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंगच्या. तीन, डिजिटल. प्रथम बुक्सने ८ सप्टेंबर २०१५ ला, जागतिक साक्षरता दिनी, स्टोरीविव्हर हे खुलं दालन सुरू केलं. तिथली पुस्तकं खुल्या परवान्याची. कोणीही वाचावी, भाषांतर करावी, छापून घ्यावी. कोरकू, पावरी, गोंडी, कुडुख अशा भाषा त्या दालनात आल्या त्या या सोयीमुळे.

या तिसऱ्या वाटेने संख्या झपाट्याने वाढली, कारण चित्रं तयार होती. ओळी तेवढ्या बदलायच्या होत्या. पण त्यातच तिची मर्यादाही आहे. मूळ गोष्ट शहरातल्या इमारतीत किंवा समुद्रकाठी घडत असेल, तर भाषा कोरकू होते, जग होत नाही. उलट बाजूने पाहा : वारली आणि गोंड चित्रशैलीची पुस्तकं आज जगभरच्या बालवाचकांच्या हाती आहेत. चेन्नईच्या तारा बुक्सचं गोंड कलाकारांच्या झाडांच्या चित्रांचं पुस्तक बोलोन्याच्या पुरस्कारापर्यंत गेलं. तिथे चित्र आदिवासी आहे आणि शब्द इंग्रजी. आपल्याकडे एकीकडे आदिवासी रेघेला परक्या भाषेत मान मिळतो, दुसरीकडे आदिवासी भाषेला परकं चित्र मिळतं. दोन्ही एका पुस्तकात यावीत ही अपेक्षा फार मोठी नाही. कोरकूंकडे स्वतःची चित्रभाषा आहे. मृतांच्या स्मरणार्थ उभारायच्या लाकडी ‘मुंडा’ फळ्यांवर कोरलेले घोडेस्वार, सूर्य, चंद्र पाहिलेत तर पुस्तकाच्या पानासाठी वेगळा चित्रकार शोधायला नको, असं वाटतं. मात्र त्या फळ्या श्रद्धेच्या आहेत. त्यातलं काय पुस्तकात घ्यायचं हे कोरकूंनीच ठरवायचं.

पूल की घर?

मुख्य मतभेद इथे आहे. एका बाजूचं म्हणणं असं : द्विभाषिक पुस्तक हा पूल आहे. मुलाला शेवटी मराठीत, पुढे इंग्रजीत शिकायचं आहे. घरच्या भाषेचा आधार देऊन त्याला अलगद पलीकडे न्यावं. जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाअखेर मांडलेला विचार या बाजूला बळ देतो : पहिल्या भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत वाया जात नाही, उपयोगी पडते. सरकारी यंत्रणेला ही भूमिका सोयीची आहे, कारण तिचं यश पहिली-दुसरीच्या वाचनचाचणीत मोजता येतं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं : पूल ओलांडला की माणूस मागे वळत नाही. कोरकू फक्त पहिली-दुसरीपुरती वापरली, तर मुलाला धडा मिळतो की ही भाषा लहानपणाची, पुढे टाकून द्यायची. पुस्तक घर असावं. मोठेपणीही जिथे परतता येईल असं. अजित मोहंती यांनी ओडिशातल्या कंध मुलांच्या अभ्यासातून दाखवलं, की कुई आणि ओडिया दोन्ही बोलणारी मुलं फक्त ओडिया उरलेल्या कंध मुलांपेक्षा विचाराच्या कसोट्यांवर सरस ठरतात. म्हणजे पहिली भाषा टिकली तर फायदा, गेली तर तोटा. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळाच सुरू केली. मान्यतेचा वाद न्यायालयापर्यंत गेला. घराची भूमिका टोकापर्यंत नेली तर ती अशी दिसते.

तिसरी बाजू पालकांची आहे, आणि ती सभा-परिसंवादांत कमी ऐकू येते. ‘कोरकू तर घरी येतेच, शाळेत कशाला?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. ज्यांना तहसीलमध्ये, दवाखान्यात, बँकेत भाषेवाचून अडलं, त्यांना मुलाने मराठी-हिंदी फाडफाड बोलावं असं वाटणारच. आदिवासी विभागच नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत आदिवासी मुलांना पाठवण्याची योजना चालवतो. मग पालकाने कोणता संदेश घ्यायचा? फिलिपिन्सने देशभर मातृभाषेतून शिक्षण सक्तीचं केलं आणि २०२४ मध्ये कायद्याने ती सक्ती काढून घेतली. एका वर्गात अनेक भाषा आणि साहित्याची वानवा, ही अडचण तिथेही होती. बहुभाषिक शिक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा अनुभव टाळून पुढे जाऊ नये.

माझ्या मते या तीन बाजू एकाच मुलाबद्दल बोलत नाहीत, म्हणून वाद मिटत नाही. मेळघाटातल्या हरिसाल-बैरागडकडच्या मुलाला कोरकू येते, मराठी येत नाही. त्याला पूल हवा. पायथ्याच्या गावातल्या मुलाला कोरकू समजते पण ते उत्तर मराठीत देतं. त्याला घर हवं. अमरावती शहरात नोकरदार कोरकू आई-बाप असलेल्या मुलाला चार शब्द येतात. त्याच्यासाठी हे पुस्तक जवळजवळ नवी भाषा शिकवणारं आहे. न्यूझीलंडच्या माओरींनी १९८२ मध्ये आजी-आजोबांच्या संगतीने चालणाऱ्या ‘कोहांगा रेओ’ बालवाड्या काढल्या, त्या तिसऱ्या प्रकारच्या मुलांसाठी होत्या. ते उदाहरण जसंच्या तसं धारणीला लावलं की गफलत होते.

एका पानावरचे पेच

आता एक पान जवळून पाहू. चित्रात दोन वाघ झाडाखाली बसले आहेत. मराठी ओळ सरळ : ‘दोन वाघ झाडाखाली बसले आहेत.’ कोरकूत एकवचन आणि अनेकवचन यांच्या मध्ये द्विवचन आहे. संस्कृत शिकलेल्याला ते ओळखीचं. कुला म्हणजे एक वाघ, कुलाकिंग म्हणजे दोन, कुलाकू म्हणजे पुष्कळ. मराठीवरून शब्दाला शब्द ठेवत भाषांतर करणारा ‘दोन’साठी ‘बारी’ लिहितो आणि नाम तसंच सोडतो. पान वाचता येतं, पण घरची बाई असं बोलत नाही. अशी दहा पुस्तकं वाचली की मुलाला छापील कोरकू ही वेगळीच, मराठीच्या अंगरख्यातली कोरकू वाटू लागते. उलट, आधी कोरकूत लिहून मग मराठी केलं तर ‘किंग’ आणि ‘कू’ यांवर आख्खं पुस्तक उभं राहील : एक कोंबडी, दोन कोंबड्या, खूप कोंबड्या. ‘सिम’ म्हणजे कोंबडी. मोजणीचं याहून गोड पुस्तक दुसरं कोणतं असेल?

सर्वनामांची गोष्ट मला फार आवडते. कोरकूत ‘आम्ही’चे प्रकार चार. मी आणि तू मिळून ‘आलांग’. मी आणि तो, तू सोडून, ‘आलिंग’. आपण सगळे ‘आबुंग’. तुम्हाला वगळून आम्ही ‘आले’. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद बुजून जातो. मराठीत मात्र ‘आपण’ आणि ‘आम्ही’ आहे. मराठी शिक्षकाला हा बारकावा पाच मिनिटांत कळतो, कारण तो त्याच्या स्वतःच्या बोलण्यात आहे. दोन भाषा शेजारी छापल्या की असे धागे सापडतात, आणि मग शिक्षकही शिकू लागतो.

लिंगाचं उलटं आहे. कोरकूत नामांची विभागणी सजीव आणि निर्जीव अशी, तो-ती-ते नाही. म्हणून कोरकू मूल ‘ती वाघ’ म्हणालं तर ते चुकीचं बोलत नाही, आपल्या भाषेच्या नियमाने मराठी बोलतं. द्विभाषिक पानाच्या तळाला शिक्षकासाठी एवढी एक बारीक टीप असली तरी लाल पेनाच्या कितीतरी फुल्या वाचतील.

लिपी हा त्यातला दीर्घ वाद. महाराष्ट्रात कोरकू बाळबोध देवनागरीत लिहितात. मुलाला एकच लिपी शिकावी लागते, हा मोठा फायदा. पण झाइड यांनी दाखवून दिलेला कोरकूतला खालचा सूर आणि स्वर घशात अडवण्याची लकब देवनागरीला दाखवता येत नाही. एक गट म्हणतो, खूण ठरवा, एखादा बिंदू किंवा विसर्ग. दुसरा म्हणतो, मराठीतसुद्धा ‘च’चे दोन उच्चार आपण एकाच अक्षराने भागवतोच, बोलणाऱ्याला संदर्भाने कळतं. तिसरा संथाळीकडे बोट दाखवतो : रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये घडवलेल्या ओल चिकी लिपीने भाषेला अभिमान दिला, २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाळी आठव्या अनुसूचीत गेली. पण संथाळीमागे लाखोंचा समाज आणि शतकभराची चळवळ होती. कोरकूच्या चित्रपुस्तकाने आज स्वतःच्या लिपीची वाट पाहू नये, असं मला वाटतं. शुद्धलेखन मात्र ठरायला हवं. एकच शब्द तीन पुस्तकांत तीन तऱ्हांनी छापला तर नवशिक्या वाचकाचे हाल होतात.

बोलीचा प्रश्नही आहेच. मवासी, बोंदोय अशा कोरकूच्या तऱ्हा आहेत, आणि घाटाघाटाने शब्द बदलतो. प्रमाण एकच ठरवलं तर मराठीत पुणेरीने वऱ्हाडीचं जे केलं त्याचीच उजळणी होईल. वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

मांडणीकडे लोकांचं लक्ष कमी जातं. वर कोणती भाषा, खाली कोणती? कोणती ठळक, कोणती बारीक? रेमंड स्नेडन यांनी ब्रिटनमधल्या स्थलांतरित मुलांच्या अभ्यासात (२००९) पाहिलं, की आईबरोबर घरी दुहेरी पुस्तकं वाचणारी मुलं दोन्ही भाषांत वाचू लागली. पण सवयीची भाषा शेजारी असली की डोळा तिकडेच पळतो, असं अनेक शिक्षक सांगतात. म्हणून काही जण एकाच पुस्तकाच्या दोन वेगळ्या प्रती काढतात, काही जण शब्दच न छापता चित्रं तेवढी देतात आणि भाषा वर्गावर सोडतात. यावर एकमत नाही.

जोडीला कोण : मराठी की हिंदी?

महाराष्ट्र शासनाच्या शाळेत जोडभाषा मराठीच, हे उघड. पण धारणी तालुक्यात पालकाला हिंदी जवळची आहे, आणि नात्यागोत्याचे निम्मे लोक सीमेपलीकडे मध्य प्रदेशात. तिकडे कोरकू-हिंदी साहित्य होतं, इकडे कोरकू-मराठी, आणि दोन्हीकडे कोरकूची ओळ वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या वळणाने लिहिली जाते. दोन्ही राज्यांनी निदान कोरकू ओळ एक ठेवावी आणि खालची भाषा बदलावी, हा तोडगा साधा आहे. त्यासाठी दोन शासकीय यंत्रणांनी एका टेबलाशी बसायला हवं.

गोष्ट कोणाची?

खुल्या परवान्याने भाषांतर सोपं केलं, तसा एक नाजूक प्रश्नही आणला. कोरकू आजीने सांगितलेली गोष्ट पुस्तकात गेली की ती जगाची होते. आजीचं नाव छापलं जातं का? ‘लोककथा’ एवढंच लिहून सोडून दिलं जातं का? आणि काही गोष्टी काही दिवशी, काही विधींतच सांगायच्या असतात. त्या खुल्या दालनात ठेवायच्या का? काही संपादक म्हणतात, नोंदलं नाही तर गोष्ट आजीबरोबर जाईल. काही कोरकू तरुण म्हणतात, आधी विचारा, मग नोंदवा. दोन्ही म्हणणी खरी आहेत. गावच्या बैठकीत गोष्ट वाचून दाखवून, दुरुस्त्या घेऊन मगच छापायची, ही पद्धत वेळखाऊ असली तरी तिनेच सर्वांत कमी तक्रारी उरतात.

घाटाखालची गावं

अकोल्याचा भाग या चर्चेत निसटतो. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ चा, देशातल्या पहिल्या नऊंपैकी. गाभ्यातल्या गावांचं पुनर्वसन सुरू झाल्यावर कोहा, कुंड, बोरी ही गावं घाट उतरून अकोट परिसरात आली. नंतर केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा, धारगड अशी आणखी. वीज, रस्ता, दवाखाना जवळ आला, पण सगळं जुळलं नाही. काही कुटुंबं परत वर गेली आणि २०१९ च्या जानेवारीत वनकर्मचाऱ्यांशी संघर्षही झाला.

भाषेच्या दृष्टीने या स्थलांतराचा एक परिणाम कायद्यात दडलेला आहे. धारणी आणि चिखलदरा हे पाचव्या अनुसूचीतलं क्षेत्र. अकोट, तेल्हारा नाही. आदिवासी क्षेत्रासाठीच्या भरती, योजना, साहित्य यांचा ओघ त्या रेषेवर थांबतो. घाट उतरल्यावर मूल तेच असतं, शाळा बदलते. वर्गात आता वऱ्हाडी मुलं जास्त, कोरकू मुलं चार-पाच. इथे कोरकू-मराठी पुस्तकाचं काम दुप्पट आहे. त्या चार-पाच मुलांना त्यांची भाषा छापलेली दिसते, आणि शेजारी बसलेल्या वऱ्हाडी पोरांनाही कळतं की ‘डा’ म्हणजे पाणी, ‘उरा’ म्हणजे घर. आदिवासी भाषा फक्त आदिवासी मुलाने टिकवायची, या समजुतीला इथे छेद जातो. या गावांत अशी पुस्तकं प्राधान्याने जायला हवीत.

आणखी पश्चिमेला, बुलढाण्याच्या जळगाव जामोद तालुक्यात, निहाली आहे. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास. जगातल्या कोणत्याही कुळाशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. कायपर यांनी १९६२ मध्ये तिचा तौलनिक अभ्यास केला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना शैलेंद्र मोहन यांनी अलीकडे तिची नोंद घेतली. मेळघाटातले निहाल बहुधा कोरकूच बोलतात. कोरकूचं पुस्तक निघताना निहालीसाठी निदान एक चित्रकोश व्हावा, ही मागणी अभ्यासकांची आहे, आणि तिला घाई आहे.

काय ठरलं, काय बाकी

लहान मुलाला घरच्या भाषेतून सुरुवात करून दिली तर नुकसान होत नाही, याबद्दल जाणत्यांत आता फारसा वाद उरलेला नाही. भाषा कामाच्या वेळी उपयोगी पडते, हे प्रशासनालाही पटलं आहे. २०२१ मध्ये कोविडच्या लशीबद्दल मेळघाटात जी भीती होती ती घालवायला कोरकूतूनच आवाहनं करावी लागली.

बाकी आहे ते बरंच. पुस्तक मुलाच्या हाती किती दिवस राहतं, कपाटात कुलूपबंद होतं का, किती मुलं त्यातून खरोखर वाचू लागली, याची नियमित नोंद नाही. संकेतस्थळावर पुस्तक आहे, पण गावात मोबाइलला रेंज नाही. छापील प्रतीला पर्याय नाही. शुद्धलेखन ठरलेलं नाही. बदली झाली की कोरकू शिकलेला शिक्षक जातो आणि नवा शून्यापासून सुरू करतो.

आणि सगळ्यांत कच्चा दुवा पुस्तक नव्हे, ते वाचून दाखवणारा माणूस आहे. तीन-चार वर्षांचं मूल स्वतः वाचत नाही. त्याला कोणीतरी मांडीवर घेऊन वाचायचं असतं. कोरकू ओळ अडखळत, मराठी वळणाने वाचली गेली तर मूल चित्राकडे पाहतं, ओळीकडे नाही. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस बहुतेक गावच्याच असतात, कोरकू त्यांची घरची; त्यांच्या हातात पुस्तक देऊन त्यांना वेळ दिला, तर निम्मं काम होतं. मी जे वाचलं आणि ऐकलं, त्यावरून माझं मत असं, की पुढची शंभर नवी पुस्तकं करण्याआधी आहे त्यातली चांगली दहा निवडून, त्यांचं कोरकू गावच्या बायकांकडून तपासून, प्रत्येक अंगणवाडीत छापील पोचवावीत.

अमरावती जिल्ह्यातच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे, म्हाइंभटाच्या ‘लीळाचरित्रा’च्या गावी. बोलत्या शब्दाला लेखनात आणण्याचा मराठीतला तो मोठा प्रयत्न. तिथून मेळघाट एका दिवसाच्या अंतरात आहे. कोरकूच्या लेखनपद्धतीचं काम त्या विद्यापीठाने हाती घ्यावं, आणि त्यासाठीच्या समितीत कोरकू बोलणारे शिक्षक आणि अंगणवाडी सेविका बहुसंख्येने असाव्यात. तोवर मेळघाटात, अकोट-तेल्हाऱ्यात शिकवणाऱ्या गुरुजी-बाईंना एक विनंती : वर्गात ऐकू येणारा प्रत्येक कोरकू शब्द वहीत लिहून ठेवा, आणि तो ज्या मुलाने किंवा आजीने सांगितला त्याचं नाव त्याच्यापुढे लिहा.